शब्द देऊन आलेली बाई

प्रमिलाताई परतूरला आल्या की सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्यांना कुणी काही विचारायचं नाही, असं त्यांच्या घरात ठरून गेलेलं होतं. त्या दिवसांत त्या नुसत्या झोपायच्या. गच्चीवर, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, आईची जुनी गोधडी अंगावर घेऊन. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची लागूनच. शाळेला निघण्याआधी मी कपडे वाळत घालायला वर जायची, तेव्हा त्या झोपलेल्या असायच्या, आणि दुपारी कपडे काढायला जायची तेव्हाही झोपलेल्याच. मोंढ्याकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची कुरकुर, स्टेशनात शिरणाऱ्या रेल्वेची शिटी, खालून येणारा फोडणीचा वास, सगळं त्यांच्या झोपेवरून अलगद निघून जायचं. मधेच कधी तरी त्या डोळे न उघडताच हात लांब करायच्या, गच्चीच्या कठड्याची खरबरीत भिंत चाचपायच्या, आणि पुटपुटायच्या, "परतूर." मग कूस बदलून पुन्हा झोपी जायच्या.

मी एकदा विचारलं तेव्हा हसून म्हणाल्या, "अगं सुनंदा, जाग आली की मी कुठं हाय तेच कळत न्हाई मला. खोलीवरून तर बिलकुलच न्हाई. जगात कुठंबी जा, हॉटेलात तोच साबण, तोच टॉवेल, तोच पडदा. मंग भिंतीला हात लावून बघायची सवय लागली. परतूरची भिंत बराबर कळते. हाताला टोचते ना."

ताई मूळच्या जवळच्याच आष्टीच्या, शेतकऱ्याची मुलगी. परभणीला शेतकी शिकल्या, तिथून शिष्यवृत्ती मिळवून परदेशात गेल्या, आणि पुढे एका फार मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला लागल्या. गरीब देशांसाठी योजना आखणारी, पैसा पुरवणारी ती संस्था. तिचं लांबलचक नाव आमच्याकडे कुणाला नीट घेता यायचं नाही. गल्लीत तिला सगळे ‘जगाची कचेरी’ म्हणत. ताईंचे धाकटे भाऊ नाना परतूरच्या मोंढ्यात सरकी-ढेपेचं दुकान चालवायचे. वर्षातून एकदा, हुरड्याच्या दिवसांत, ताई त्यांच्याकडे यायच्या. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नकाशावर काठी ठेवून मी ज्या देशांची नावं घ्यायची, त्या देशांतून शेजारची बाई नुकतीच आलेली असायची, याचं मला फार अप्रूप वाटे.

आल्या आल्या त्यांचं बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकी असायचं. तिसऱ्या दिवशी झोप पुरी झाली की आष्टीची बोली परत यायची. ती आली हे कळायचं कशावरून, तर सकाळी सकाळी वरून हाक ऐकू यायची, "सुनंदे, चहा झाला का तुह्या घरी? का मीच येऊ करायला?"

मग बायका जमायच्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, "तिथं तुम्ही करता तरी काय?" ताई कंटाळायच्या नाहीत. "आपल्या घरी पूर्वी पेव होतं ना? जमिनीत खड्डा करून ज्वारी ठेवायचे? तसं दुनियाभर लोक धान्य साठवतात. कुठं ते भिजतं, कुठं किडतं, कुठं उंदीर खातात. ते खराब न्हाई झालं पाहिजे, म्हणून मी बघून राह्यले. बघते, लिहिते, आणि त्या देशाच्या सरकारला सांगते." बायका मान डोलवायच्या. जाताना एखादी म्हणायची, "म्हंजे धान्याचंच काम हाय. मंग इथं काय वाईट होतं?" ताई यावर खूप वेळ हसत राहायच्या.

बांगड्या भरायला हमीदाबी यायची. ती आमच्या गल्लीतली सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणायची ताईंची. दोघी लहानपणी आष्टीत शेजारी. ताई परदेशात मनगटाला फक्त घड्याळ बांधायच्या, पण परतूरला आल्या की दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या आणि तशाच परत जायच्या. "मीटिंगीत हात हलवला की वाजतात," त्या सांगायच्या. "समोरचे साहेब लोक बोलता बोलता थांबतात. तेवढ्यात मी माझं म्हणणं मांडून घेते."

एकदा अशीच बांगडी चढवता चढवता हमीदाबीनं विचारलं, "ताई, एक बात पूछूं? तुम इत्ते मुलुख घूमे. तुम जिधर गये, उधर कुछ अच्छा हुआ क्या?"

मला वाटलं ताईंना राग येईल. पण त्यांनी हात तसाच हमीदाबीच्या हातात ठेवला आणि डोळे मिटले. गोष्ट सांगायची असली की त्या डोळे मिटायच्या. म्हणाल्या, "एक तळं हाय हमीदा. मलावी देशात. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत न्हाई. संध्याकाळी त्याच्यावर होड्या निघतात, कंदील लावून, आणि मंग पाणी कुठं संपलं अन् आभाळ कुठं सुरू झालं ते सांगता येत न्हाई. त्या तळ्याकाठच्या गावांत आम्ही धान्याच्या कणग्या बदलल्या. खाली पाय लावले, उंदीर चढू नये म्हणून पायाला पत्रा लावला. लई साधं काम. काही वर्षांनी मी दुसऱ्याच कामाला तिथनं चालले होते. गाडी पंक्चर झाली. म्हणून एका गावात उतरले, तर घराघरापुढं त्याच कणग्या. नवं पीक यायच्या आधीचे भुकेचे महिने सुरू होते, तरी भरलेल्या. एका बाईनं मला बसवलं, मक्याचा गरमगरम घाटा वाढला. तिला माहीत नव्हतं मी कोण. कुणालाच माहीत नव्हतं. मी पण न्हाई सांगितलं. खाल्लं आणि निघून आले."

"बताना था ना!"

"न्हाई गं. ते सांगितलं असतं तर तो घाटा पाहुणीचा झाला असता. मला तो वाटसरू बाईचा पाहिजे होता."

हमीदाबीला हे पटलं की नाही कोण जाणे. तिनं पुढची बांगडी उचलली.

ताईंची आई गेली तेव्हा ताई आफ्रिकेत कुठल्या तरी आतल्या भागात होत्या. नानांनी तार केली, ती संस्थेच्या मुख्य कचेरीत गेली, तिथून त्या देशाच्या राजधानीत, आणि तिथून जीपनं माणूस निघाला. ताई परतूरला पोचल्या तेव्हा तेराव्याचा मांडवसुद्धा निघाला होता. त्या रडल्या नाहीत. आईच्या खोलीत जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "कचेरीनं काहीच कमी केलं न्हाई बघ. तासाभरात तिकीट. विमानात गादीसारखी खुर्ची. मी पाय पसरून आले. एक पोरगी सारखी विचारायची, मॅडम, अजून काही पाहिजे का? मॅडम, अजून काही पाहिजे का?" एवढं बोलल्या आणि मग मात्र त्यांना आवरेना.

माझी धाकटी बहीण शुभांगी ताईंकडे बघत बघतच मोठी झाली. तीही परभणीला शेतकी शिकली, पुढे पीएचडी केली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला तिची निवड अशाच एका मोठ्या संस्थेत झाली. आमच्या घरात दोन तट पडले. वडिलांनी मोंढ्यात पेढे वाटले. आईनं जेवण सोडल्यासारखं केलं. तिच्या डोळ्यासमोर एकच चित्र होतं: आपली पोरगी पन्नाशीला आली आहे आणि कुणाच्या तरी गच्चीवर एकटी झोपली आहे.

योगायोगानं ताई आलेल्याच होत्या. आई सरळ त्यांच्या घरी गेली आणि माझ्यादेखत म्हणाली, "प्रमिला, तूच सांग तिला. तुझ्यावाणी व्हायचंय म्हणती. तुझं लग्न कामून राहिलं ते सांग."

मी शरमेनं खाली बघितलं. ताई शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, राहिलं न्हाई, होत होत निसटलं. आमच्याच कचेरीत होता एक जण, श्रीलंकेचा. संध्याकाळी आम्ही नदीकाठी फिरायला जायचो. तो त्याच्या गावच्या फणसाचं सांगायचा, मी आपल्या हुरड्याचं. मंग त्याची बदली एका देशात झाली, माझी दुसऱ्या. सुट्ट्या जुळेनात. भांडण न्हाई, काही न्हाई. एखादं स्वप्न पडावं आणि सकाळी आठवू नये, तसं झालं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "शुभीला उद्या आष्टीला घेऊन या. शेतावर. तुम्ही पण चला. तिथं बोलू."

दुसऱ्या दिवशी नानांच्या जीपमधून आम्ही निघालो. ताई, आई, शुभांगी, मी, आणि हुरडा म्हटल्यावर हमीदाबीही. सकाळ धुकट होती. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसं दवानं जड झालेली. काळ्या रानातून वाफ निघत होती, आणि जीप जमिनीवरून चालली आहे की कशावरून, असं वाटत होतं. शेतात सालदारानं आगटी पेटवून ठेवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजून तो आमच्यापुढे टाकत होता. ताई बसल्या, कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि हिरवे मोतीदाणे आधी आईच्या हातावर ठेवले.

"शुभे, विचार," त्या म्हणाल्या.

शुभांगी सरळ बोलणारी. "ताई, तिथं चांगलं काय आणि वाईट काय, ते सांगा. लपवू नका."

"चांगलं लई हाय," ताई म्हणाल्या. "सगळ्या दुनियेतले हुशार लोक तुझ्या टेबलाला बसतात, आणि तू बोललीस तर ऐकून घेतात. मला इथं पंचायत समितीच्या बैठकीत कुणी खुर्ची दिली नसती. तिथं एका देशाचा मंत्री माझं म्हणणं लिहून घेत होता. इथं मी एका गावाचं धान्य वाचवलं असतं. तिथं एक कागद मंजूर झाला की हजार गावांत काम सुरू होतं. पगाराची काळजी न्हाई. आजारी पडलीस तर न्यायला विमान येतं. नानाचं घर, पोरांची शिक्षणं, सगळं त्या नोकरीनं केलं. हे खोटं न्हाई."

"आणि वाईट?"

ताईंनी आणखी एक कणीस उचललं, पण चोळलं नाही. "वाईट म्हंजे, कागद चांगला लिहिला की काम झालं असं वाटाया लागतं. दर दोन-तीन वर्षांनी माणसं बदलतात. निरोपाचे इतके केक खाल्ले मी, की आता केक दिसला की मी दारातूनच परत फिरते. आणि..." त्यांनी डोळे मिटले.

आगटीत गोवरी खचली.

"इथिओपियात हरारगे म्हणून डोंगराळ मुलुख हाय. तिथं मी पहिल्यांदा गेल्ते तर मला वाटलं आष्टीलाच आले. सगळीकडं ज्वारी. आपली ज्वारी मुळात त्याच बाजूची, असं म्हणतात. आणि तिथंबी पेव. जमिनीत खड्डा, वर दगड, वर माती. पाऊस झाला की खालची ज्वारी काळी पडते, वास मारते. एका गावात बायकांनी मला त्या पेवात उतरवलं. खाली अंधार, ऊब, आणि आंबूस वास. आमच्या आजोबाच्या पेवाचा असाच वास होता. मला तिथं खाली रडू आलं. वर आले आणि त्या बायकांना म्हणाले, मी तुम्हाला जमिनीच्या वर कोठार बांधून देते. मी परत येते. दुभाष्या होता, त्यानं सांगितलं. त्यांची म्हातारी होती, फातुमा. तिनं माझा हात घेऊन कपाळाला लावला."

"मंग?" आईनं विचारलं. आई आता हुरडा खायची थांबली होती.

"मंग मी सगळं लिहिलं. नकाशे, खर्च, सगळं. तीन वर्षं त्यालाच दिली. आणि वरचा साहेब बदलला. नवा आला, तो म्हणाला, आता आपलं धोरण वेगळं, कोठारं बांधायची न्हाईत. त्याचंबी काही चुकलं न्हाई, त्याला त्याच्या वरच्यानं सांगितलेलं. एका दुपारी ते काम बंद झालं. मला दुसऱ्याच दिवशी बढती मिळाली, दुसरा देश मिळाला. त्या बायकांना सांगायला कोण जाणार? कचेरी योजना सुरू करायला माणूस पाठवते. योजना होणार न्हाई, हे सांगायला कुणाला पाठवत न्हाई." त्यांनी डोळे उघडले. "त्या अजून वाट बघत असतील, का मला विसरून गेल्या असतील? दोन्हीतलं काय झालं तर मला बरं वाटेल, तेच मला समजत न्हाई."

धुकं विरत होतं आणि शेताचा पलीकडचा बांध हळूहळू दिसायला लागला होता.

"मंग ताई, जाऊ का नको?" शुभांगीनं विचारलं.

"मला पुन्हा कुणी विचारलं तर मी पुन्हा जाईन," ताई म्हणाल्या. "तू पण जा. पण जिथं शब्द देशील तिथं परत जाशील. कचेरी पाठवणार न्हाई. आपल्या सुट्टीत, आपल्या खर्चानं जायचं. मला ते सुचलं न्हाई, असं न्हाई. मला लाज वाटली."

परतताना आई जीपमध्ये ताईंच्या शेजारी बसली. धुळीनं ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आपल्या पदरानं तिनं पुसलं. शुभांगी गेली. तिच्या सामानात आईनं स्वतःच्या हातानं ज्वारीचं पीठ बांधून दिलं.

दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांतच ताई निवृत्त झाल्या. नानांनी त्यांच्यासाठी गच्चीवर एक खोली बांधली, खिडक्या पूर्वेला. आम्हाला वाटलं, आता त्या येतील आणि मनसोक्त झोपतील. त्या आल्या, झोपल्या, आणि चौथ्या दिवशी नानांना म्हणाल्या, "मला तिकीट काढायचंय. हरारगेला जायचंय."

नाना चिडले. "आता कशाला? ना नोकरी, ना संस्था. कोण ओळखतं तुला तिथं? गुडघे धड चालत न्हाईत तुझे!"

"म्हणून तर आत्ताच जायचं," ताई म्हणाल्या. "आता मी कुणाचीच न्हाई. आता मी नुसती प्रमिला म्हणून जाऊ शकते."

त्या गेल्या. महिनाभर काही खबर नव्हती. हमीदाबी रोज संध्याकाळी येऊन विचारायची, "आया क्या फोन?" मग एका दुपारी ताई स्टेशनावरून रिक्षानं येऊन उतरल्या. उन्हानं रापलेल्या, वाळलेल्या, पण चालणं हलकं झालेलं. या वेळी त्या झोपायला गेल्या नाहीत. नानांच्या ओसरीवर बसल्या आणि आम्हा सगळ्यांना बोलावून घेतलं.

"गाव बराबर सापडलं," त्या म्हणाल्या. "रस्ता झालाय आता. पेव तसेच हायत. थोड्या घरांनी पत्र्याचे पिंप घेतलेत. फातुमा म्हातारी गेली. तिची सून होती. तिनं मला बघितलं आणि एकदम किंचाळली. आत पळाली. सगळ्या बायका जमा झाल्या, कुणी मला हात लावून बघतंय, कुणी रडतंय. मला काही कळेना. मंग दुभाष्या पोरगा म्हणाला, बाई, त्यांना वाटलं तुम्ही मेलात."

"अल्ला!" हमीदाबी म्हणाली.

"त्यांनी वाट बघितली. दोन पावसाळे. मंग फातुमा म्हणाली, ती बाई शब्द देऊन गेली होती. जिवंत असती तर आली असती. म्हंजे ती गेली. आणि त्यांनी माझ्या नावानं फातिहा पढला. मी कोण, कुठली, कुठल्या धर्माची, काही विचार न्हाई केला. मी त्यांची पाहुणी होते." ताईंचा आवाज बारीक झाला. "मी इतकी वर्षं काय काय विचार केला. त्या शिव्या देत असतील, विसरल्या असतील. पण त्यांनी माझा खोटेपणा धरलाच न्हाई गं. मी खोटी निघाले, असं मानण्यापेक्षा मी मेले, हे त्यांना सोपं वाटलं."

"मग तुम्ही काय सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. की मी मेले नव्हते. कोठार व्हायचं न्हाई, तेव्हाच कळलं होतं, आणि मला यायची लाज वाटली. सून ऐकून घेत होती. मंग म्हणाली, आता आलीस ना. बस, कॉफी घे. त्यांची कॉफी लई वेळ चालते. भाजतात, कुटतात, उकळतात. मी तिथं महिनाभर राहिले. काहीच केलं न्हाई. ज्वारी निवडू लागले, बस."

हमीदाबीनं डोळे पुसले आणि ताईंचा हात हातात घेतला. "ताई, जिसके मरने की झूठी खबर आती ना, उसकी उमर बढ जाती. अब तुम कहीं जाने का नक्को. इधरीच रहने का."

ताई हसल्या. "न्हाई जात," म्हणाल्या.

आणि खरंच, त्यानंतर त्या कुठे गेल्या नाहीत. शुभांगी दर वर्षी एक सुट्टी परतूरला न येता भलत्याच कुठल्या तरी गावी घालवते. आईला ते आवडत नाही, पण आई विचारत नाही.

माझी नोकरी संपल्यावर मुलानं मला औरंगाबादला नेलं. निघाले ती सकाळ दाट धुक्याची होती. नाना स्टेशनावर आले होते. "ताई पहाटेच कुठं तरी गेली बायकांसोबत, तुझी गाडी आज हाय हे तिच्या ध्यानातच न्हाई, तुला भेटायची राहिली," असं ओशाळून म्हणाले. मीही मनात जरा खट्टू झाले. गाडी हलली. सिग्नल गेला, शेवटची घरं गेली, आणि रुळांच्या कडेला धुक्यात एक बोरीचं झाड दिसलं. त्याच्याभोवती कापूस वेचायला निघालेल्या पाच-सहा बायका. त्यांच्यात ताई. लुगड्याचा ओचा बोरांनी भरलेला, एका हातानं फांदी धरून त्या ती गदागदा हलवत होत्या. बोरं खाली पडत होती आणि बायका हसत वेचत होत्या. गाडीचा आवाज आला तसं सगळ्यांनी वर बघितलं. ताईंनी फांदी सोडून हात हलवला. गाडीत कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. रुळाकाठी उभं राहून कुणीही जाणाऱ्या गाडीला करतं, तसाच तो हात होता. मी खिडकीतून हात बाहेर काढेपर्यंत धुकं मधे आलं.